लोटून घेतलेलं दार

प्रश्न : आम्ही नाशिकला तळमजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला मी गच्चीत कपडे वाळत घालायला गेले. दार नुसतं लोटलं होतं, सासूबाई आत पूजा करत होत्या. दहा मिनिटांत खाली आले, तर टेबलावरचा मोबाइल आणि पर्स गायब! यजमान म्हणतात, "चूक आपली, तक्रार कसली करायची?" सासूबाईंचं आयुष्य वाड्यात गेलं. दिवसाउजेडी दार लावून बसणं त्यांना पटत नाही. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तक्रार करायचीच. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि दाराला कुलूप असायलाच हवं अशी अट त्यात कुठेही नाही. महिना उलटला असला तरी पोलीस ठाण्यात जा. मोबाइलच्या खोक्यावरचा १५ आकडी आयएमईआय नंबर सोबत न्या. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती जोडून सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर फोन ब्लॉक करता येतो. सिम अजून बंद केलं नसेल, तर पुढचं वाचण्याआधी ते करा.

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, निम्मी नोकरी तपास पथकात गेली. फिर्यादीत आम्ही दोनपैकी एक वाक्य लिहायचो : 'बंद घराचा कडीकोयंडा उचकटून' किंवा 'उघड्या दरवाजावाटे आत प्रवेश करून'. दुसरं वाक्य वाचून दाखवलं की समोरच्या बाईची मान खाली जायची. मला ते फार लागायचं. चोरी करणारा वेगळाच, आणि शरमेने मान खाली हिची!

हा चोर कुलूप तोडत नाही. सकाळी दूध, पाणी, रांगोळीच्या गडबडीत तो जिना चढतो आणि एकेक दार हाताने ढकलून बघतो. कुणी दिसलंच तर "अमुक साहेब इथेच राहतात का?" असं विचारून सटकतो. असं कुणी विचारून गेलं की शेजाऱ्यांना लगेच सांगा आणि ११२ला फोन लावा.

खिडकीचंही तेच. एका घरी पंचनाम्याला गेलो होतो. ग्रिल नवीन, भक्कम. खाली मातीत एक वेळूची काठी पडली होती, टोकाला तारेचा आकडा. आजोबांची विजार गजांत अडकली होती, खिसा उलटा लोंबत होता. आदल्याच दिवशी काढलेली पेन्शन त्यात होती. खुंटी खिडकीपासून दोन हातांवर. ती आम्ही त्याच दिवशी समोरच्या भिंतीवर ठोकून घेतली. तुम्हीही तळमजल्यावर आहात, तेव्हा चार्जिंगचा मोबाइल, पर्स, कपडे खिडकीपासून लांब ठेवा. सरकत्या खिडकीच्या खाचेत मापाची लाकडी पट्टी आडवी टाका, म्हणजे बाहेरून ती सरकत नाही.

सासूबाईंसाठी जाळीचा दरवाजा बसवा. वारा येईल, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येईल. फक्त जाळीतून बोटं घालून कडी निघत नाही ना, ते सुताराला समोर उभं राहून तपासायला लावा. निम्म्या घरांत ती निघते. मुख्य दाराला आतून नुसत्या हाताने उघडणारं लॅच हवं. आग लागली तर म्हाताऱ्या माणसाला चावी शोधत बसावं लागता कामा नये. तुमची चावी तुमच्याजवळच ठेवा. तुळशीची कुंडी, चपलांचं कपाट, मीटरची पेटी, या जागा चोराला तोंडपाठ असतात.

आणि सासूबाईंना चोराची भीती घालू नका, त्या उगाच दचकत राहतील. "आई, गच्चीत चालले, लॅच ओढून घेते," एवढं सांगा आणि दार ओढल्यावर एकदा ढकलून बघा.