तंबाखूच्या ओळींत पाचट केव्हा पसरावे?

प्रश्न : निपाणी भागात आमची दोन एकर कोरडवाहू काळी जमीन असून तीत दरवर्षी विडीची तंबाखू असते. दिवाळीनंतर जमीन भेगाळते आणि खालची पाने भरण्याआधीच वाळू लागतात. गेल्या वर्षी लावण होताच उसाचे पाचट पसरले, तर रोपे पिवळी पडली व काही बुडातून कातरली गेली. आच्छादन सोडून द्यावे काय?

उत्तर : मुळीच सोडू नये, चूक झाली ती वेळेची. ऑगस्टअखेर लावण होते तेव्हा पाऊस चालूच असतो. अशा ओलीत पाचट पडले की जमीन वाफशावर, म्हणजे ओल बेताची आणि हवा खेळती अशा स्थितीत, येत नाही, साचलेले पाणी तंबाखूच्या मुळांना सोसत नाही, आणि दिवसा लपून रात्री रोपे कातरणाऱ्या अळीला आयता आसरा मिळतो. शिवाय पाचटात नत्र फार थोडे असल्यामुळे ते कोळपताना मातीत मिसळले, तर कुजवणारे जीवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात व रोप उपाशी राहते.

कोळप्याने भुसभुशीत केलेला मातीचा थर हेच कोरडवाहू रानाचे पहिले आच्छादन होय, ते मोडू नये. शेवटची कोळपणी उरकून पाऊस ओसरला, साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, की मग पसरावे. त्याच सुमारास सोयाबीनची मळणी होते; तिचे भुसकट बारीक असल्याने खालच्या पानांखाली हाताने सहज सरकवता येते, म्हणून आम्ही पाचटापेक्षा तेच पसंत करू. एकरी दोन टन, म्हणजे गुंठ्याला ५० किलो पुरे. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी आणि वाळवीवर लक्ष असू द्यावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो : तंबाखूची जुनी धाटे किंवा मिरची, टोमॅटो, वांग्याचे अवशेष आच्छादनाला कधीही वापरू नयेत, कारण पानांवर फिके-गडद चट्टे पाडणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि ही सारी पिके एकाच कुळातली आहेत. उशिरा शेणखत किंवा हिरवा पालाही घालू नये; नत्र मागाहून मिळत राहिले की पान हिरवेच राहते, पक्वतेचे ठिपके येत नाहीत आणि भाव पडतो.

यंदा पाच गुंठ्यांवरच करून पाहावे. दिवाळीनंतर भर दुपारी भुसकट बाजूला सारून वीतभर खालची माती मुठीत दाबावी व शेजारच्या उघड्या सरीतलीही दाबून कुठे ओल अधिक टिकली ते पाहावे. काढणीनंतर दोन्हीकडच्या वाळलेल्या पानांचे वजन वेगळे करून कळवावे.