मुलीला तीन कॉलेजांत प्रवेश मिळालाय, आर्थिक मदतीची पत्रं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेत हा निर्णय कसा घ्यावा?

तुम्ही दिलेले आकडे आधी एकत्र मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही हिशेब कळेल. पहिलं नामांकित खाजगी कॉलेज: वर्षाचा खर्च ८८,००० डॉलर, पत्रातली मदत ६१,५००. दुसरं तुमच्याच राज्याचं सरकारी विद्यापीठ: खर्च ३४,०००, मदत ९,०००. तिसरं परराज्यातलं, फारसं नाव नसलेलं खाजगी कॉलेज: खर्च ५८,०००, मदत २९,५००. तुम्ही वजाबाकी केलीत आणि २६,५००, २५,००० आणि २८,५०० अशी उत्तरं आली. म्हणून तुमचा प्रश्न असा, की नामांकित कॉलेज जर सरकारीच्याच भावात पडत असेल, तर मुलीचं मन कशाला मोडायचं?

भाव एक नाही. पहिल्या पत्रातले ६१,५०० सुटे करून बघा. कॉलेजची स्वतःची ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, ३८,०००. पुढे मुलीच्या नावावरचं सरकारी कर्ज ५,५००, वर्क-स्टडी ३,००० आणि पेरेंट प्लस, म्हणजे पालकांनी घ्यायचं सरकारी कर्ज, १५,०००. म्हणजे खरी मदत ३८,०००, बाकी सगळं तुमचंच आहे. काही आज द्यायचं, काही व्याजासकट नंतर. वर्क-स्टडी म्हणजे कॅम्पसवर नोकरी करून कमवायची परवानगी. काम मिळालं तर पगार वर्षभर थोडाथोडा हातात येतो, ऑगस्टच्या बिलातून तो वजा होत नाही.

हाच चाळणीचा नियम बाकी दोघांना लावा. सरकारी विद्यापीठाच्या ९,००० पैकी ५,५०० कर्ज, म्हणजे खरी मदत ३,५००. तिसऱ्याकडे गुणवत्तेची शिष्यवृत्ती २४,०००, उरलेलं पुन्हा तेच कर्ज. आता उत्तरं येतात ५०,०००, ३०,५०० आणि ३४,०००. ही पत्रं वाचताना भलेभले फसतात, कारण ती तशीच लिहिलेली असतात. अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या 'जीएओ' या संस्थेने २०२२ मध्ये कॉलेजांची अशी पत्रं तपासली. सुमारे ९१ टक्के कॉलेजं खरा निव्वळ खर्च एकतर सांगतच नाहीत किंवा कमी दाखवतात, असं तिला आढळलं. आमच्या मंडळातल्या ओळखीपाळखीच्यांची पत्रं दर एप्रिलमध्ये माझ्यासमोर येतात. कर्जाच्या ओळीत 'कर्ज' हा शब्दच नाही, नुसतं 'डायरेक्ट अनसब्सिडाइज्ड' असं लिहिलेलं मी पाहिलंय.

(जाता जाता: 'खर्च' या रकमेत राहणं-जेवण, पुस्तकं, प्रवास धरलाय का तेही बघा. आणि तुमच्या विम्यात मुलगी आधीच असेल तर कॉलेजचा आरोग्य विमा नाकारता येतो का, ते विचारा.)

एका वर्षावर मात्र थांबू नका. बहुतेक शिष्यवृत्त्यांची रक्कम चारही वर्षं तीच राहते, खर्च मात्र वाढतो. वाढ वर्षाला ४ टक्के धरली, तर पहिल्या कॉलेजचे चार वर्षांचे साधारण २,२१,७००, सरकारीचे १,३०,४०० आणि तिसऱ्याचे १,५०,३०० डॉलर होतात. पहिल्या वर्षी १९,५०० चा दिसणारा फरक चार वर्षांत ९१,००० च्या पुढे जातो. कॉलेजला सरळ ईमेल करा: ग्रँट दरवर्षी नव्याने ठरते का, फी वाढली तर तीही वाढते का, आणि पहिल्या वर्षीपेक्षा नंतर कमी देण्याची तुमची पद्धत आहे का? काही ठिकाणी पहिल्या वर्षाचं ताट भरलेलं असतं आणि पुढे वाढणारा हात आखडतो.

तिसऱ्या कॉलेजची खरी मेख वेगळी आहे. त्या २४,००० ला ३.५ जीपीएची (४ पैकी गुणांच्या सरासरीची) अट आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मुलीला जीवशास्त्र घेऊन पुढे मेडिकलला जायचंय. पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र, मग ऑरगॅनिक. शाळेत सगळ्यात ए मिळवलेली मुलंही तिथे ३.३ वर येतात. पहिल्या वर्षानंतर ती शिष्यवृत्ती गेली तर तीन वर्षांचे ७२,००० तुमच्या अंगावर येतील आणि तेच 'स्वस्त' कॉलेज नामांकित कॉलेजपेक्षाही महाग पडेल. जीपीए घसरला तर एक सत्र सवलत मिळते का? एकदा गेलेली शिष्यवृत्ती परत मिळते का? किती टक्के मुलांची ती चौथ्या वर्षापर्यंत टिकते? तिसऱ्या प्रश्नाला ते गोलमोल उत्तर देतील, तरी विचारा.

आता कर्ज. मुलीच्या नावावरच्या सरकारी कर्जाला मर्यादा आहे: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००. चार वर्षांचे २७,०००. एवढ्या कर्जाला मी घाबरत नाही. पेरेंट प्लस मात्र तुमच्या नावावर असतं. २०२५-२६ साठी त्याचा व्याजदर ८.९४ टक्के होता, आणि देतानाच ४ टक्क्यांहून थोडं अधिक शुल्क कापतात. म्हणजे १५,००० घेतले तर कॉलेजपर्यंत सुमारे १४,३६५ पोचतात आणि व्याज पूर्ण १५,००० वर. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आहे. असं कर्ज 'मदत' म्हणून पत्रात छापणं मला पटत नाही.

मेडिकलचा विचार पक्का असेल तर आणखी एक गोष्ट. पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणारं ग्रॅड प्लस कर्ज नव्या विद्यार्थ्यांसाठी त्याच तारखेपासून बंद होतंय. मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळेल. त्यापुढचे पैसे घरातून किंवा खाजगी बँकेकडून आणायचे. तेव्हा तुमचं ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीची करसवलतीची बचत, पदवीतच रिकामं करू नका. तुमच्या जागी मी असतो तर सरकारी विद्यापीठ घेतलं असतं, आणि ते ऑनर्स प्रोग्रॅम (निवडक हुशार मुलांसाठीचा) देतायत म्हटल्यावर फार विचारही केला नसता.

पण त्याआधी एक काम करा. तुमच्या मिस्टरांची नोकरी मागच्या सप्टेंबरात गेली आणि नवीन पगार कमी आहे, हे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. ऑगस्ट २०२६ ला सुरू होणाऱ्या वर्षासाठी फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, २०२४ चं उत्पन्न बघतो. म्हणजे कॉलेजच्या लेखी तुमच्या घरात अजून जुनाच पगार येतोय. परिस्थिती बदलली असेल तर मदत कार्यालयाला कागदपत्रं पाहून आकडे बदलायचा अधिकार कायद्यानेच दिलाय. त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. नोकरी गेल्याचं पत्र, नव्या पगाराच्या पावत्या आणि एक पानाचं साधं पत्र तिन्ही ठिकाणी पाठवा. घासाघीस केल्याचा सूर नको. काय बदललं, कधी बदललं, वर्षाला किती फरक पडला, एवढंच लिहा. खाजगी कॉलेजला हेही कळवा की मुलीची पहिली पसंती तेच आहे, तसं खरंच असेल तर. ग्रँट १०-१२ हजारांनी वाढलीच तर वरचा सगळा हिशेब नव्याने करा, माझं मतही तेव्हा तितकं ठाम राहणार नाही.

भारतात सासू-सासऱ्यांना दर महिन्याला पैसे पाठवता, ते फाफ्साच्या सूत्रात कुठेच धरले जात नाहीत. सीएसएस प्रोफाइल (बरीच खाजगी कॉलेजं स्वतःच्या मदतीसाठी मागतात तो वेगळा अर्ज) मागणाऱ्या कॉलेजला मात्र ते लिहून सांगता येतं, आणि काही जण विचारात घेतात. उलट भारतातला गुंतवणुकीचा फ्लॅट दोन्हीकडे मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो. राहतं घर फाफ्सा धरत नाही. धाकटा दोन वर्षांनी कॉलेजात गेला की मदत आपोआप वाढेल, या भरवशावरही राहू नका. एका वेळी दोन मुलं कॉलेजात असण्याची सवलत फाफ्साने २०२४-२५ पासून काढून टाकली. सीएसएसवाली काही कॉलेजं स्वतःच्या पैशातून ती अजून देतात, तेव्हा पहिल्या कॉलेजला हाही प्रश्न विचाराच.

मुलीला हे सगळं ठरल्यावर सांगू नका, हिशेब मांडतानाच शेजारी बसवा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना आकडे कळतात; आपण दार बंद करून बोललो की मग ती फक्त 'नाही' एवढंच ऐकतात.

बहुतेक ठिकाणी १ मे पर्यंत डिपॉझिट भरायचं असतं आणि ते सहसा परत मिळत नाही. दोन ठिकाणी भरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कळलं तर एखादं कॉलेज प्रवेशच रद्द करू शकतं. मदत वाढवून मागणाऱ्या तुमच्या पत्राचं उत्तर तोवर आलं नाही तर डिपॉझिटची मुदत वाढवून मागा, अशी मुदत बऱ्याचदा मिळते. फोनवर बोललात तरी नंतर ईमेल टाकून लेखी होकार घ्या, कारण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात या कार्यालयांत एका टेबलाचं दुसऱ्या टेबलाला माहीत नसतं.