नुसतं बोलणं ऐकून डिमेन्शिया आधी ओळखता येतो का?

तुम्ही विचारलंय की आई 68 वर्षांची आहे, बोलता बोलता अडते, वस्तूचं नाव न घेता ‘ते हे’ म्हणते; तिचं बोलणं रेकॉर्ड करून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आधीच कळेल का? बोलण्यावरून सुगावा लागतो, निदान होत नाही. माझ्या आईच्या बाबतीत तो सुगावा माझ्या हातातून निसटला, म्हणून सविस्तर लिहिते.

आई व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायची नाही, बोलून पाठवायची. निदान झाल्यावर एका रात्री मी ते जुने मेसेज ऐकत बसले. 2018 मधला एक: “अगं, शेजारच्या काकूंच्या नातीचं ठरलं, कराडचं स्थळ आहे, मुलगा बँकेत, साखरपुडा पाडव्याला, हॉलचं तेवढं अजून नक्की नाही.” एका दमात पाच बातम्या. 2022 मधला, जवळपास तेवढाच लांब: “अगं ती नाही का... ती आपली... तिचं ते झालं. सगळे आले होते. छान झालं. मग ते हे पण झालं. छान झालं हो.” आवाज तोच, हेल तोच. बातमी एकही नाही. तेव्हा मी तो ऐकला होता आणि थकली असेल म्हणून सोडून दिला होता.

अभ्यासक साधारण हेच मोजतात: वेगवेगळे शब्द किती, पोकळ शब्द किती, मध्ये किती वेळ थांबतात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपल्याला अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) झाल्याचं 1994 मध्ये जाहीर केलं. अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी 2015 मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातल्या पत्रकार परिषदा तपासल्या, तेव्हा वर्षं सरतील तसे वेगळे शब्द घटत गेलेले आणि मोघम शब्द वाढत गेलेले दिसले. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या बोलण्यात तसा कल सापडला नाही. पण म्हणून पदावर असतानाच रेगन आजारी होते असं यातून सिद्ध होत नाही, हेही त्याच संशोधकांनी सांगितलं.

तपासणीत पुष्कळदा एक चित्र दाखवतात. स्वयंपाकघर आहे, बाई भांडं पुसतेय, सिंक भरून पाणी खाली सांडतंय आणि तिच्या मागे एक मुलगा कलंडत्या स्टुलावर चढून बिस्किटं काढतोय. बघून काय चाललंय ते सांगायचं. आजार सुरू झालेला माणूस बाई सांगतो, मुलगा सांगतो, पण स्टूल पडणार आहे आणि बाईचं लक्षच नाही, ही जोडणी त्याच्याकडून बऱ्याचदा सुटते.

फोनवरच्या अ‍ॅपच्या भरवशावर मात्र राहू नका. ही मोजमापं मुख्यतः इंग्रजी बोलण्यावर बसवलेली आहेत. इंग्रजीत सर्वनामं वाढली की शंका घेतात. मराठीत ‘आली होती, जेवून गेली’ एवढ्यात कर्ता न सांगताही भागतं. शिवाय ‘ते हे’, ‘आपलं ते’ आपण सगळेच म्हणतो. म्हणून आईची तुलना दुसऱ्या कुणाशी नको, तिच्याच चार-पाच वर्षांपूर्वीच्या बोलण्याशी करा. जुने व्हॉइस मेसेज, लग्नाचे व्हिडिओ, जे असेल ते शोधा.

आणि फरक जाणवला तर न्यूरोलॉजिस्टकडे (मेंदूविकारतज्ज्ञाकडे) जाच. आम्हाला पहिल्या डॉक्टरांनी “वय झालंय” म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणं यांनीही माणूस असाच अडखळतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. जाताना दोन रेकॉर्डिंग न्या, एक जुनं, एक आत्ताचं. आईला विचारूनच करा, लपवून नको. तपासणीच्या खोलीत माणसं जीव एकवटून नीट बोलतात. माझी आई तिथे इतकं छान बोलली होती की मीच खोटी ठरले असते. मी तो 2022 चा मेसेज लावला, आणि तो संपल्यावर डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून आईला पहिल्यापासून प्रश्न विचारायला सुरुवात केली.