हॅप्टिक नॉबला लो-पास फिल्टर लावल्यावर आभासी भिंत जास्तच का थरथरते?

हॅप्टिक नॉब म्हणजे मोटरने हाताला जोर जाणवून देणारा फिरता नॉब; ठरावीक जागी मोटर अडवते ती आभासी भिंत. लो-पास फिल्टर, म्हणजे जलद चढउतार गाळणारं गणित, खडखड कमी करतो, पण उशीर वाढवतो. फेऱ्याला ४००० काउंटचा एन्कोडर (नॉबचा कोन मोजणारा सेन्सर) आणि १ मिलिसेकंदाचा लूप (मोजून मोटरला जोर सांगण्याची एक आवृत्ती) असेल, तर एका काउंटने मोजलेला वेग १.५७ रेडियन प्रति सेकंद उडी मारतो, म्हणून फिल्टर हवाच. मात्र ५० हर्ट्झचा साधा फिल्टर साधारण ३.२ मिलिसेकंद मागे पडतो. डॅम्पिंग (वेगाला विरोध करून थरथर शमवणारा जोर) उशिरा लागतं, भिंत थरथरते.

फिल्टर फक्त वेगावर लावा, स्थानावर नको:

वेग = वेग + ०.३९ × (नवा वेग − वेग)

हा सुमारे १०० हर्ट्झचा झाला. तरी थरथर राहिली तर भिंतीचा कडकपणा उतरवा. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मोठे कपॅसिटर आणून एन्कोडरच्या सिग्नल तारांवर ठोकू नका. पल्सच्या कडा बोथट होऊन काउंट गळतात.