किनाऱ्याजवळचे डॉल्फिन मोजायला निघण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

तुझ्या पत्रात पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा आहे आणि ‘नेमका अभ्यास कशाचा करू’ हा शेवटचा. आधी हा क्रम उलटा कर. इथे डॉल्फिन किती आहेत, ते कमी होतायत का, आणि बोटींमुळे त्यांचं खाणं-विसावणं बिघडतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी थोड्या आठवड्यांत दाट फेऱ्या लागतात. दुसऱ्यासाठी त्याच मोसमात, त्याच मार्गानं, वर्षानुवर्षं जावं लागतं. तिसऱ्यासाठी तर उंच कड्यावर थिओडोलाइट (कोन मोजणारी दुर्बीण) लावून बसणं बरं, कारण तुझी बोट हीसुद्धा एक बोटच आहे.

संख्येपासून सुरुवात करणार असशील तर फेरीचा मार्ग घरीच आखून घे आणि समुद्रावर तो बदलू नकोस. ‘काल तिकडे दिसले होते’ असं कुणी सांगितलं की हात आपोआप सुकाणूकडे जातो. पण दिसण्याची खात्री असलेल्याच जागी गेलास तर वहीत डॉल्फिनचा वावर उतरत नाही, तुझी आवड उतरते. किती तास, किती किलोमीटर शोध घेतला ते जीपीएससकट नोंदव. काहीही न दिसलेली फेरीही तितक्याच काळजीनं लिही, कारण नंतरच्या हिशेबात ती शून्यं फार उपयोगी पडतात. समुद्राची स्थिती दर पंधरा मिनिटांनी टिपत जा. वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मोजपट्टीवर ३ ला फेसाच्या पांढऱ्या टोप्या दिसू लागतात. त्यापुढे शोध थांबव, कारण त्या फेसात पाठीवरचा पर सहज हरवतो.

आता कॅमेरा. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखायचा, त्यासाठी तो लागतो. कोणताही चालेल, वेग महत्त्वाचा. १००-४०० मिमीची झूम लेन्स, शटर निदान १/१००० सेकंद, उजेड असेल तर १/१६००, फोकस सतत पाठलाग करणारा, आणि आयएसओ आपोआप. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ जीपीएसशी जुळव. एक कळप संपला की दुसरा सुरू करण्याआधी नोंदतक्त्याचा एक फोटो काढ, म्हणजे संध्याकाळी कोणता पर कुठल्या कळपातला हे शोधत बसावं लागणार नाही. फोटो पराला काटकोनात हवा. तिरक्या फोटोत मागच्या कडेच्या खाचा एकमेकींत मिसळतात.

एक सूचना मात्र डोळ्यांत तेल घालून पाळ: ठळक खाचांच्या मागे लागू नकोस. समोर येईल त्या प्रत्येकाचे फोटो काढ, स्वच्छ पराच्या पिल्लांचेही. खाचा असलेल्यांचं कळपातलं प्रमाण यातूनच निघतं, आणि पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

जवळ जाताना बाजूनं, समांतर, त्यांच्याच वेगानं जा. समोरून वाट अडवायची नाही, थेट पाठीमागून दामटायचं नाही, कळपाच्या मधून बोट घालायची नाही. अंगावर फिकट उभ्या वळ्यांच्या खुणा असलेलं पिल्लू म्हणजे नवजात. तिथे लांबूनच आटप. कळप वारंवार दिशा बदलू लागला, बुडी लांबली किंवा आई पिल्लाला घेऊन आड जायला लागली की फोटो अर्धे राहिले तरी निघ. आणि हे सगळं रीतसर परवानगी हातात आल्यावरच.

खरं काम टेबलावर आहे. प्रत्येक फोटोला आधी दर्जा दे: फोकस, कोन, पराचा आकार, पाण्याचा आडोसा. हा दर्जा देताना पर ओळखीचा आहे की नाही हे डोक्यात येऊ देऊ नकोस. ओळखीचा पर धूसर फोटोतही ‘चांगला’ वाटतो आणि तिथेच हिशेब कलंडतो. ओळखण्याजोगेपणाचा दर्जा वेगळ्या रकान्यात. मग जुळवणी. कडेच्या खाचा वर्षानुवर्षं टिकतात आणि दोन्ही बाजूंनी दिसतात. दातांचे समांतर ओरखडे काही महिन्यांत पुसट होतात, शिवाय ते एकाच बाजूला असतात. म्हणून ओरखड्यांच्या भरवशावर ओळख ठरवू नये; फार तर आधाराला घ्यावेत. संगणकी जुळवणी वापर, पण तिनं सुचवलेल्या जोड्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात.

एक जोडी सुटली तर काय होतं, ते एकदा आकड्यांत बघ. समजा पहिल्या फेरीत ४० खाचवाले ओळखले, दुसरीत ३५, आणि त्यांतले २० दोन्हींत सापडले. पुन्हा सापडलेल्यांवरून एकूण संख्येचा अंदाज देणाऱ्या चॅपमनच्या सूत्रानं (४१ × ३६) ÷ २१, त्यातून १ वजा: सुमारे ६९ खाचवाले. खाचवाल्यांचं प्रमाण ६० टक्के असेल तर एकूण ११५. आता थकलेल्या डोळ्यांनी फक्त तीन जोड्या चुकवल्या असं धर. २० चे १७ झाले. उत्तर येतं ८१, आणि एकूण १३५. तीन चुकांनी वीस डॉल्फिन जन्माला घातले! उलट, काही डॉल्फिन बोटीजवळ नेहमी येतात आणि काही कायम लांब राहतात, त्यामुळे अंदाज खाली घसरतो. या दोन चुका एकमेकींना खोडून काढतील अशा आशेवर राहू नकोस. दोन फेऱ्यांवर थांबण्यापेक्षा एकेका मोसमात अनेक फेऱ्या आणि मग मोसमांची आपसात तुलना, ही पोलॉकची ‘रोबस्ट डिझाइन’ रचना जास्त भरवशाची: मोसमाच्या आत संख्या कळते, मोसमांमध्ये जगण्याचं आणि बाहेर जाण्याचं प्रमाण.

वर्तनाच्या नोंदींबद्दल थोडक्यात. प्रवास, भक्ष्यशोध, विसावा, सामाजिक खेळ: या अवस्थांच्या व्याख्या आधी कागदावर उतरव आणि ठरावीक अंतरानं, समज दर तीन मिनिटांनी, बहुतांश कळप काय करतोय ते लिही. ‘काही विशेष दिसलं की लिहू’ असं ठरवलंस तर वही उड्यांनी भरेल आणि विसावा नाहीसा होईल, कारण विसावा मुळात दिसतच नाही. कळप म्हणजे काय हेही आधी ठरव. एकापासून दुसरा १० मीटरच्या आत असला की एकाच कळपातला, अशी साखळी पद्धत बरेच जण वापरतात. आवाज नोंदवायचे असतील तर इंजिन बंद. शिट्ट्यांना ९६ किलोहर्ट्झचं सॅम्पलिंग (सेकंदाला ९६ हजार नमुने) पुरतं. प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधण्यासाठीच्या टकटकीची बरीच ऊर्जा १०० किलोहर्ट्झच्या पलीकडे असते, तिच्यासाठी वेगळी यंत्रणा लागेल.

‘बोटींची त्यांना सवय झाली आहे’ हे वाक्य तुला ठिकठिकाणी ऐकायला मिळेल. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे पर्यटन असलेल्या भागातले डॉल्फिन बोटीला कमी बिचकतात असं दिसलं होतं. वरवर पाहता सगळं छान. पण दीर्घ नोंदी उलगडल्यावर, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पर्यटन कंपन्या एकाच्या दोन झाल्यानंतर तिथली सापेक्ष संख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. शेजारच्या तुलनेच्या भागात तशी घट नव्हती. बिचकणारे निघून गेले असतील तर मागे उरलेले शांतच दिसणार. तुलनेचा भाग नसता तर हे कळलंच नसतं, म्हणून तुझ्या आराखड्यातही एक असा भाग ठेव.

घट सिद्ध होईपर्यंत थांबायचं का? हिशेब करून बघ. दरवर्षीच्या अंदाजात २० टक्के अनिश्चितता आहे आणि संख्या वर्षाला ५ टक्क्यांनी घटतेय असं धरलं, तर ८० टक्के खात्रीनं ती घट पकडायला दरवर्षी गणना करूनही सुमारे १२ वर्षं लागतात. तोवर ४० टक्क्यांहून अधिक डॉल्फिन गेलेले असतात. म्हणून अधिकाऱ्यांसमोर निव्वळ आलेख न ठेवता जाळ्यात मरणाऱ्यांची मर्यादा ठेव. अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राणी कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं आलेलं गणित इथे कामी येतं: संख्येचा खालचा, सावध अंदाज × ०.०२ × सावधगिरीचा गुणक. १०० डॉल्फिन आणि गुणक ०.५ असेल तर उत्तर १. वर्षाला एक मृत्यू, तोही माणसामुळे होणारे सगळे धरून. बॉटलनोज जातीच्या डॉल्फिन मादीला बारा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होतं आणि दोन पिल्लांमध्ये बहुधा तीन ते सहा वर्षं जातात. त्यामुळे ही मर्यादा इतकी कडक निघते यात नवल नाही.

उपाय लागू पडला का, हे सांगायलाही अशाच नोंदी लागतात. न्यूझीलंडच्या बँक्स द्वीपकल्पाभोवती हेक्टर जातीच्या डॉल्फिनसाठी १९८८ मध्ये अभयारण्य झालं. तिथलं वार्षिक जगण्याचं प्रमाण ५.४ टक्क्यांनी वाढल्याचं २०१२ मध्ये दाखवता आलं, तेही १९८६ पासूनचे परांचे फोटो जपून ठेवले होते म्हणून. अभयारण्याच्या दोन वर्षं आधीचे फोटो नसते तर तुलना कशाशी करणार होते? तुझ्या मूळ फाइल, नोंदतक्ते आणि दर्जाचे निकष तीन वेगळ्या ठिकाणी ठेव. निकष बदलले तर जुन्या फोटोंनाही नव्यानं दर्जा द्यावा लागेल, आणि ते काम कुणालाच आवडत नाही.

पहिल्या फेऱ्यांचे दोनेकशे फोटो दर्जा लावून पाठव, जुळवणीला हात घालण्यापूर्वी. मी तेच फोटो तुझे आकडे न बघता तपासतो. आपले दर्जे कुठे वेगळे पडतात ते आधी बघू, मग बोटीचं पुढचं वेळापत्रक.

कळावे.