झाडाने आज पाणी प्यायलं का?

या वेळी आलेले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, खरं कापलेलं ख्रिसमस ट्री घरात आणलंय आणि ते सुकतंय. म्हणून बाकीच्यांनी जरा थांबा, तुमचे प्रश्न पुढच्या खेपेला घेते.

ताई, झाड आणून चारच दिवस झालेत आणि खाली सुयांचा, म्हणजे त्या सुईसारख्या पानांचा, नुसता सडा पडतोय. स्टँडमध्ये पाणी आहे, पण ते कमीच होत नाही. विकणाऱ्याने बुंधा कापूनच दिला होता. झाड खराब निघालं का?

पाणी कमी होत नाही, यातच सगळं आलं, सुयांचं नंतर बघू. कापून दिला होता म्हणता, पण कधी? कापलेल्या तोंडावर चीक येतो, राळच ती, सुकली की बूच मारल्यासारखी बसते, आणि खोडातल्या बारीक नळ्यांमध्ये हवा पण शिरते, मग खाली कितीही पाणी ओता, वर चढत नाही म्हणजे नाही. काप दिल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत झाड पाण्यात गेलं पाहिजे. त्याहून उशीर झाला असेल तर घरी आणल्यावर बुंध्याची एक चकती करवतीने उडवायची, दोन-अडीच सेंमी जाडीची पुरे, आणि लगेच पाण्यात. काप सरळ आडवा द्या. फुलांचे देठ कापतो तसा तिरका देऊ नका, झाड स्टँडमध्ये नीट बसत नाही आणि पाणी थोडं उतरलं की कापाची वरची बाजू कोरडी पडते.

आता तुम्हाला सगळी सजावट उतरवून, झाड आडवं करून, चकती काढून परत उभं करावं लागणार. वैताग आहे, मान्य, पण बूच बसलेल्या खोडाला दुसरा इलाज माझ्याकडे नाही. त्याआधी एक करा, एक फांदी बोटांच्या चिमटीत धरून हळूच टोकाकडे ओढत न्या. हिरव्या सुया मूठभर हातात आल्या तर मेहनत वाया जाईल, झाड आधीच वाळलंय. सुया जागेवरच राहिल्या तर कापा बिनधास्त, पहिल्या दिवसात मोठं झाड चार लिटरपर्यंत पाणी ओढू शकतं, बघूनच बरं वाटेल. आणि आत खोडाजवळच्या तपकिरी सुया पडत असतील तर त्या जुन्याच असतात, त्यांचं टेन्शन घेऊ नका.

बुंधा जाड आहे, स्टँडचं तोंड लहान. कोयत्याने बाजूबाजूने तासून बसवला तर चालेल ना?

नाही चालणार!! पाणी चढतं ते मुख्यतः सालीच्या लगतच्या बाहेरच्या थरातून, मधला गाभा त्यात फारसं काही करत नाही, म्हणजे तुम्ही नेमका पाणी पिणारा भागच तासून टाकणार. खालून ड्रिलने भोक पाडायचं पण सांगतात काहीजण, त्याचाही उपयोग शून्य. स्टँड बदला. घेताना टाकीत पाणी किती मावतं ते बघा, बुंध्याच्या दर अडीच सेंमी जाडीला एक लिटर असा हिशोब, म्हणजे दहा सेंमीच्या बुंध्याला चार लिटरची टाकी. दिसायला नाजूक असलेले बरेच स्टँड इथेच नापास होतात.

आणि टाकीत पाणी दिसतंय म्हणजे झाडाला मिळतंय असं नाही. हे मी स्वतः करून बसलेय. खाली छान कापड गुंडाळलं होतं, रोज वरून वाकून बघायचे, पाणी चकाकताना दिसायचं, मी खूश. एक दिवस सुया पडायला लागल्या म्हणून शेवटी जमिनीवर पालथं पडून, मोबाइलचा टॉर्च लावून, कापडाखाली हात घातला, तर बुंध्याचं बूड पाण्याच्या चांगलं दोन बोटं वर! टाकीच्या तळाला खिळ्यांची उंच बैठक होती, त्यावर झाड टेकलेलं आणि पाणी त्याच्या खाली, स्पर्शच नाही. तेव्हापासून मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, बोट घालून बघते. काप दिलेलं तोंड पूर्ण बुडालेलंच पाहिजे, पहिले काही दिवस तर सकाळ-संध्याकाळ बघा.

पाण्यात साखर, ॲस्पिरिन, लिंबू सोडा घालतात म्हणे. कोमट पाणी लागतं का?

साधं नळाचं पाणी. गार, कोमट, काहीही, फरक पडत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे गॅरी चॅस्टॅग्नर यांनी कापलेल्या झाडांच्या सुया का गळतात यावर वर्षानुवर्षं काम केलंय, तेही साध्या पाण्याच्याच बाजूचे. पाण्यात घालायच्या काही गोष्टींनी तर सुया उलट लवकर गळतात. साखरेचं पाणी चिकट होतं, वास मारतं, आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर ते जाऊन तेच पितं. फांद्यांवर मारायच्या स्प्रेनेही फार काही होत नाही, तुमचे पैसे तुमची मर्जी.

झाड ठेवायला हीटरशेजारचा कोपराच मोकळा आहे. चालेल?

सोफा हलवा. हीटर, शेकोटी, गरम हवेची जाळी, कडक उन्हाची खिडकी, सगळ्यांपासून लांब. सुयांमधून पाणी सतत उडत असतं आणि गरम कोरड्या हवेत ते उडायचा वेग इतका वाढतो की खोडाला पुरवठा करणं झेपत नाही. रात्री खोलीचं तापमान थोडं उतरवता आलं तर अजून छान. लाइटच्या माळा एलईडीच्या घ्या, त्या कमी तापतात, जुन्या बल्बच्या माळा फांद्यांना भाजतात. आणि झोपताना किंवा बाहेर जाताना बंद, एलईडी असल्या तरी. नीट पाणी मिळालेलं झाड सहजी पेटत नाही, पण वाळलेलं झाड काही सेकंदांत भडकतं, तिथे रिस्क घेऊ नका.

पुढच्या वेळी कोणतं झाड घेऊ म्हणजे जास्त टिकेल?

फ्रेझर फर, नोबल फर किंवा नॉर्डमन फर. या सुया धरून ठेवतात, आणि ताज्या घेऊन नीट पाणी दिलं तर चार आठवडे तरी जातात. नॉर्वे स्प्रूस दिसतो मस्त पण गरम खोलीत लवकर गळायला लागतो, तो घ्यायचाच असेल तर उशिरा आणा. कुंडीतलं मुळासकट झाड हा वेगळा प्रकार, ते थंडीत झोपलेलं असतं, आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ऊबदार घरात ठेवलं तर जागं होतं आणि मग बाहेर नेल्यावर गारठून मरतं.

झाड काढलं की फांद्या शेकोटीत जाळल्या तर? लाकूडच आहे शेवटी.

घरातल्या शेकोटीत नको, राळेमुळे भसकन पेटतं, ठिणग्या उडतात आणि चिमणीत चिकट काजळी धरते. फांद्या कापून बाहेर वाफ्यावर पसरा, थंडीत मुळांवर पांघरूण म्हणून छान काम करतात. आणि झाड बाहेर न्यायच्या आधी त्याच्याखाली जुनी चादर अंथरून त्यातच गुंडाळा, नाहीतर सुया दारापर्यंत सांडतात आणि पुढचे कितीतरी महिने मोज्यांत सापडत राहतात.