वाचकांचे प्रश्न : वीस युनिट म्हणजे नेमके किती?

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी मधुमेहासाठी टोचायच्या इन्सुलिनबद्दलची आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे : ‘इन्सुलिन लागू पडत नाही.’ पत्रं नीट वाचली की लक्षात येतं, औषधात खोट नसते. बाटलीतून अंगात जाईपर्यंत कुठेतरी मोजमाप चुकलेलं असतं, नाहीतर उन्हानं घात केलेला असतो.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. सकाळ-संध्याकाळ २० युनिट मिक्स इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र) बाटलीतून घेते. उपाशीपोटीची शुगर १३०-१४० असायची, ती महिनाभरापासून २८० च्या खाली येत नाही. डोस वाढवून २८ केला तरी फरक नाही. बाटली तीच, खाणंही तेच. फक्त नेहमीच्या मेडिकलमध्ये सिरिंज नव्हत्या म्हणून दुसरीकडून आणल्या. त्यांचं टोपण केशरी आहे. त्याचा काही संबंध असेल का? — एक वाचक, अकोला

उत्तर : संबंध आहे, आणि बहुधा सगळं कारण तेच आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत जास्त मिळतं : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. स्वस्तातल्या बहुतेक बाटल्या ४० च्या असतात. इन्सुलिन टोचायच्या पेनचं कार्ट्रिज, म्हणजे आतली भरलेली नळी, १०० चं असतं, आणि काही बाटल्याही १०० च्या मिळतात. सिरिंजही तशाच दोन. लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी.

आता हिशेब करा. केशरी सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर. बाटली ४० ची असेल तर त्या ०.२ मिलिलिटरमध्ये फक्त ८ युनिट असतात. आई महिनाभर २० समजून ८ युनिट घेत होत्या. २८ च्या रेघेपर्यंत भरलं तरी जातात ११ च्या आसपास. शुगर उतरणार कशी?

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. लाल सिरिंज मिळाली म्हणून उद्या तिच्यात २८ भरू नका. ते खरोखरच २८ होतील, म्हणजे शुगर ताब्यात होती तेव्हाच्या डोसपेक्षाही ८ जास्त. आजच डॉक्टरांना फोन करा, सिरिंज बदलली होती हे आधी सांगा आणि डोस पुन्हा ठरवून घ्या. २८ चा आकडा चुकीच्या सिरिंजवरून आला आहे, त्यावर पुढचा निर्णय होता कामा नये.

उलटी चूक याहून वाईट. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल सिरिंजनं ओढलं, तर २० च्या रेघेला ०.५ मिलिलिटर येतं आणि त्यात ५० युनिट असतात. अडीच पट डोस. एवढ्यानं माणूस बेशुद्ध पडू शकतो. कार्ट्रिजमधून सिरिंजनं इन्सुलिन ओढायचंच नाही, असा नियम घरात करून टाका.

टोपणाच्या रंगावरही पूर्ण विसंबू नका. बाटलीवर ४० छापलंय की १००, आणि सिरिंजच्या नळीवर काय छापलंय, हे दुकानात उभं असतानाच जुळवून पाहा. चष्म्याचा नंबर असलेल्या आईला हा बारीक छापा वाचता येत नाही, ते काम घरातल्या तरुणानं करायचं.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि दिवसातून चार-पाच तास वीज नसते. इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवलं तर जास्त टिकेल ना? — चंद्रपूर

उत्तर : नाही. फ्रीझरमध्ये गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झाल्यावर दिसायला जसंच्या तसं दिसू शकतं, पण त्याचा गुण गेलेला असतो. एकदा गोठलं की ती बाटली टाकून द्यायची, कितीही महाग असली तरी.

न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रिजच्या दारात किंवा मधल्या खणात ठेवा. बर्फाच्या कप्प्याला, मागच्या थंड भिंतीला चिकटून नको. दोन-तीन तास वीज गेली तरी फ्रिजचं दार उघडलं नाही तर आत गारवा राहतो. वापरात काढलेली बाटली साधारण ४ आठवडे बाहेर चालते, पण ‘बाहेर’ म्हणजे ३० अंशांच्या आत. मे महिन्यात तुमच्याकडे असं बाहेर नसतंच, तेव्हा वापरातली बाटलीही फ्रिजमध्येच ठेवा. टोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढली की थंड इन्सुलिनची आग कमी होते. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेनानं लेबलवर लिहा. चार आठवड्यांनंतर उरलेलं टाकायचं. किती दिवस चालतं हे प्रकारागणिक थोडं बदलतं, आतल्या कागदावर छापलेलं असतं.

फ्रिज नसेल तर मडकं कामाला येतं. एका मोठ्या मातीच्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ पाण्यानं भिजवा. इन्सुलिन प्लास्टिकच्या झाकणाच्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. मडकं सावलीत, वारा येईल अशा जागी हवं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते. कोकणातल्या दमट हवेत पाणी तेवढं उडत नाही, म्हणून तिथे मडकं तितकं गार होत नाही.

उन्हात उभ्या गाडीची डिकी, डॅशबोर्ड, गॅसशेजारचं कपाट, टीव्हीच्या वरची फळी : या जागांवर इन्सुलिन एका दुपारीसुद्धा ठेवू नका. मिक्स इन्सुलिन दुधाळच असतं. ते तळहातांमध्ये दहा वेळा हळूच लाटायचं आणि दहा वेळा उलटसुलट करायचं, घुसळायचं नाही. तरीही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटले तर ती बाटली बाद. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर तेही बाद.

प्रश्न : इन्सुलिन एकदा चालू झालं की सवय लागते, म्हणजे आता शेवटच आला असं सगळे म्हणतात. खरं का? — सांगली

उत्तर : इन्सुलिन शरीर स्वतःच बनवतं, त्याची ‘सवय’ लागत नाही. टाइप १ मधुमेहात ते बनतच नाही, म्हणून जन्मभर बाहेरून द्यावं लागतं. १९२२ मध्ये टोरंटोत ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला दिलं गेलं, तोवर या आजारातली मुलं वाचत नसत. टाइप २ मधुमेहात ऑपरेशन, मोठं इन्फेक्शन किंवा गरोदरपणात काही काळ देऊन पुढे बंद करता येतं, हे बऱ्याचदा घडतं.

प्रश्न : बेंबीच्या डाव्या बाजूला मऊ गाठीसारखं झालंय. तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून मी तिथेच पेन लावते. चालेल का? — सातारा

उत्तर : थांबवा. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचल्यानं तिथली चरबी वाढते. त्या गाठीतून इन्सुलिन कधी हळू शोषलं जातं, कधी एकदम, म्हणून शुगर वर-खाली उड्या मारते. गाठ सोडून नव्या जागी आलात की तेवढाच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर एकदम उतरू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, ते बहुधा डोस थोडा कमी करतील, आणि पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा.

पोटाचे चार भाग करा आणि दर आठवड्याला एक भाग घ्या. त्या भागातही आधीच्या टोचलेल्या जागेपासून निदान एक बोट सरका. बेंबीभोवती दोन-तीन बोटं जागा सोडा. ४ मिलिमीटरची सुई असेल तर ती सरळ उभी टोचायची. आधी २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब आला का पाहा. आत गेल्यावर बटण पूर्ण दाबून मनात दहा आकडे मोजा, मगच सुई काढा. लगेच काढलीत तर कातडीवर जो थेंब दिसतो तो तुमच्या डोसातला असतो.

सुई दर वेळी नवी घेणं हेच योग्य. ते परवडत नाही ही अडचण खरी आहे, तरी पेनवर चढवून ठेवलेली सुई काढाच. तिच्यातून हवा आत शिरते, इन्सुलिन गळतं आणि पुढचा डोस कमी पडतो.

प्रश्न : एकादशीला वडील इन्सुलिन घेऊन पूजेला बसले आणि घामाघूम झाले, हात कापायला लागले. आम्ही पेढा दिला. बरोबर केलं का? — पंढरपूर

उत्तर : गोड दिलंत ते बरोबर, पण पेढा नको होता. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. शुगर ७० च्या खाली गेली, किंवा मोजायला वेळ नाही आणि लक्षणं तीच आहेत, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की काहीतरी खायला द्या. मधुमेहाची व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, घरात ग्लुकोज पावडर हवी. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

मिक्स इन्सुलिनमधला अर्धा-पाऊण तासात काम सुरू करणारा भाग जेवणासाठी असतो. जेवण नाही आणि डोस तोच, म्हणून हे झालं. पुढच्या एकादशीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून त्या दिवसाचा डोस कागदावर लिहून घ्या. मनानं बंद करू नका. साबुदाण्याची खिचडी हा उपवास असला तरी शुगरच्या दृष्टीनं ते भरपूर पिष्टाचं जेवणच आहे.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जातोय. ४० युनिटच्या बाटल्या चालू आहेत. तिकडे मिळतील? — पुणे

उत्तर : नाही. तिथे बाटल्या १०० च्या असतात आणि सिरिंजही त्याच मापाच्या. इकडच्या बाटल्या नेणार असाल तर लाल टोपणाच्या सिरिंज पूर्ण मुदतीच्या मोजून न्या. त्यापेक्षा जाण्याच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना विचारून पेनवर या, हात बसतो. इन्सुलिन आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या सामानात ते गोठू शकतं.